सपोर्टच्या क्रमांकात बदल

प्रज्ञा,

तू गेल्याची बातमी मी एका ओळीत उरकली आणि त्या ओळीत तुझं नावसुद्धा घातलं नाही. 'सपोर्टच्या संपर्क क्रमांकात बदल.' बस, एवढंच. वरची ओळ 'किरकोळ सुधारणा', खालची 'कामाचा वेग वाढवला', आणि मधे तू. मीच टाइप केली, मीच सगळ्या लॅबना पाठवली, आणि पाठवून झाल्यावर खाली टपरीवर जाऊन चहा प्यायलो. चहा चांगला लागला. आता तुझ्यापासून लपवून तरी काय करू.

सरांनी मला ऑफिसच्या फलकासाठी तुझ्यावर चार शब्द लिहायला सांगितलेत. 'तू शेजारी बसायचास तिच्या, तूच लिही.' मी बसलो लिहायला. 'मनमिळाऊ', 'हसतमुख' असलं काहीबाही यायला लागलं. तू कुठली गं हसतमुख? सकाळी पहिला चहा होईपर्यंत तुझ्याशी बोलायची कोणाची टाप नव्हती. हे वाचून तूच म्हणाली असतीस, 'मंद्या, ही कोण बाई आहे?' म्हणून ते खोडलं आणि हे थेट तुलाच लिहितोय. फलकावर लावतील की नाही, मला माहीत नाही. नाही लावलं तर नाही.

आपलं सगळं भांडण तसं एकाच गोष्टीवर होतं. गल्लीबोळातल्या छोट्या पॅथॉलॉजी लॅब आपलं सॉफ्टवेअर वापरतात. पेशंटचं नाव, टेस्ट, रक्ताच्या नळीवर चिकटवायचं लेबल, शेवटी रिपोर्ट, सगळं त्यातूनच निघतं. मी आणि माझ्या टीममधली पोरं ते बदलत राहायचो आणि काय बदललंय ते जुन्या लॅबवाल्यांना सांगायचं काम तुझं. तू पानभर लिहायचीस आणि माझं न ऐकता खाली स्वतःचाच मोबाइल नंबर द्यायचीस. मी त्याच्या चार ओळी करायचो. त्या चारातल्या दोन 'किरकोळ सुधारणा' असायच्या.

"कोण वाचतं हे सगळं?" मी दर वेळी म्हणायचो.

"तू वाचण्यासारखं ठेवतोस काय त्यात? किरकोळ म्हणे. कोणासाठी किरकोळ? तू बदललंस म्हणून तुला माहितीये. त्या बाईला सकाळी सात वाजता समोर रांग असताना कळणार आहे."

"मग शिकेल ना. नवीन लोक शिकतात की."

"नवीन माणसाला फक्त शिकायचं असतं रे. जुन्याला आधी विसरायचं असतं. हाताला विसरायला सांगून बघ एकदा."

हे तू इतक्यांदा म्हणालीस की पोरं तुझी नक्कल करायला लागली होती. मीही हसायचो त्यांच्यात. तुझ्यासमोर हसायचो, पाठीमागे नाही, असं स्वतःला सांगत होतो. पाठीमागेही हसलोय.

तुझा एक ठरलेला साचा होता. आधी काय व्हायचं, आता काय होतं, तुम्ही काय करायचं. प्रत्येक बदलाला तीनच वाक्यं, त्यात एकही मोठा शब्द नाही. ऑफिसात चहाचं नवीन मशीन आलं तेव्हा त्यावरही तू कागद चिकटवलास: 'आधी डावं बटण बिनसाखरेचा चहा द्यायचं. आता साखरेचा देतं. शुगरवाल्यांनी उजवीकडे वळावं, अकाउंट्सच्या काकांनी तर नक्कीच.' काका आठवडाभर तुझ्याशी बोलले नाहीत, पण उजवं बटण दाबायला लागले. मी तेव्हा म्हणालो होतो, हिला दुसरं काम नाही.

आणि लिहून पुन्हा तुझं समाधान नव्हतंच. नवीन व्हर्जन निघायच्या आधी तू उठायचीस आणि एखाद्या लॅबमध्ये जाऊन बसायचीस. मुलुंड, बोरिवली, माहुल, कुठेही. 'बोटं बघून येते' म्हणायचीस. तिथे कोणाला काही विचारायचं नाही, शिकवायचं नाही, फक्त त्यांची बोटं कुठल्या बटणावर न बघता जातात ते बघायचं. न बघता दाबलं जाणारं बटण तुम्ही हलवलंत, तर ते सांगायचं कर्तव्य तुमचं, असं तुझं म्हणणं. मला तो टाइमपास वाटायचा. हजेरीत तुझा अर्धा दिवस गैरहजर म्हणून लागला तर मी तो भरून द्यायचो नाही. द्यायला हवा होता यार. एक सही होती फक्त.

मनोरीची पिकनिक आठवते? मार्वेच्या जेट्टीवर सगळे बोटीत चढले आणि तू खालीच उभी, कानाला फोन. भांडुपच्या सावंतबाई. आपल्या अगदी पहिल्या लॅबपैकी एका लॅबमधल्या टेक्निशियन. त्यांचा रिपोर्ट छापला जात नव्हता आणि तू त्यांना शांतपणे एकेक पायरी सांगत होतीस. बोट सुटली. तुझ्यामुळे मीही मागे राहिलो. मी जाम भडकलो होतो.

"पर्सनल नंबर देऊ नकोस म्हणून शंभर वेळा सांगितलंय. सपोर्टची लाइन कशाला आहे?"

"त्या लाइनवर एक दाबा, दोन दाबा, तीन दाबा. सावंतबाई म्हणतात, माका माणूस व्हयो." तू हसलीस. "तुझ्या लाइनवर माणूस ठेव, मी नंबर बदलते."

पुढच्या बोटीत मी तुझ्याशी बोललो नाही. तू मात्र पाण्यात हात घालून बसली होतीस आणि मजेत होतीस. पिकनिकचा निम्मा दिवस मी फुकट घालवला, तुझा नाही, माझाच.

माझ्या आईचंही सांगतो, कारण त्याबद्दल मी तुला कधी थँक्यूसुद्धा म्हणालो नाही. तिच्या बँकेच्या ॲपचं रूप एका रात्रीत बदललं आणि ती घाबरून गेली. मी ओरडलो तिच्यावर. 'दिसत नाही का तिथे वर? एवढं मोठं तर लिहिलंय.' तू तेव्हा काहीतरी द्यायला मुलुंडला आमच्याकडे आली होतीस. तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि तिच्या शेजारी सोफ्यावर बसलीस. 'काकू, आधी कुठे होतं ते तुम्ही मला दाखवा,' म्हणालीस. तिला येत होतं तिथून तू सुरुवात केलीस. माझी आई अजून सांगते, त्या मुलीने मला अडाणी वाटू दिलं नाही. म्हणजे मी वाटू दिलं होतं. जगाला लागेल ते सॉफ्टवेअर करून देतो म्हणणारा तिचा पोरगा.

आता शेवटचं व्हर्जन.

लेबलचं बटण मीच बदललं. नळीवरचं लेबल कधी तिरकं येतं, कधी फाटतं. तेव्हा ते बटण दाबलं की त्याच पेशंटचं लेबल पुन्हा छापून यायचं. नवीन लॅबवाल्यांना ते नको होतं. त्यांना दाबलं की सरळ पुढच्या पेशंटचं हवं होतं, काम भराभर होतं म्हणून. चूक काहीच नव्हतं त्यात, आजही मी तेच म्हणेन. मागचं लेबल परत हवं असेल तर वेगळं बटण दिलं होतं. पण जुन्या माणसाची सवय तशीच राहिली तर त्याच्या हातातल्या नळीला दुसऱ्याच माणसाचं नाव चिकटणार, हे तू पहिल्याच दिवशी ओळखलंस. 'हे पहिल्या ओळीत, लाल अक्षरात,' म्हणालीस. मी बघू म्हणालो.

मग तुला ताप आला. तापातही तू घरून फोन केलास. तुझा आवाज बसला होता.

"लेबलचं लिहून पाठवलंय. कापू नकोस, मंद्या. आणि जुन्या लॅबना मी स्वतः फोन करणार आहे, तोवर व्हर्जन सोडू नकोस."

"तू आधी बरी हो. डोक्याला शॉट देऊ नकोस आता. आलीस की बघू."

माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं हे एवढंच. माणसं शेवटचं काय बोलली ते आठवून रडतात. मला ते आठवलं की कुठे तोंड लपवू कळत नाही.

तू आली नाहीस. व्हर्जनची तारीख नव्या गिऱ्हाइकांना दिलेली होती, आणि ऑफिसात कोणालाच काही सुचत नव्हतं. मला सुचत होतं, हीच तर गोष्ट आहे. मी तुझं पान उघडलं. लेबलबद्दलची तुझी तीन वाक्यं वाचली. ती तिथे ठेवली असती तर शंका विचारायला खाली फोन नंबर कोणाचा द्यायचा, तुझा नंबर का काढला, हे सगळं लिहावं लागलं असतं. लोकांचे फोन आले असते, कशी गेली, कधी गेली, आणि ते मला झेपलं नसतं. म्हणून मी नेहमीचं केलं. लेबल 'किरकोळ सुधारणा'त गेलं आणि तू 'संपर्क क्रमांकात'. घाईत झालं, दुःखात झालं असं म्हणायला मी मोकळा आहे, सगळे समजूनही घेतील. पण घाई नव्हती गं. पाच मिनिटं मी त्या पानाकडे नुसता बघत होतो.

त्याच दिवशी दुपारी घाटकोपरला तुझ्या घरी जलदान विधी होता. पांढऱ्या कपड्यात सगळे, समोर तुझा फोटो, ऑफिसच्या दिवाळीतलाच, कडेला माझा अर्धा खांदा. त्रिशरण-पंचशील झालं, भंतेजी बोलले, मग तुझ्या मामांनी मला उठवलं, साहेबांनी दोन शब्द बोलावेत म्हणून. आणि मी बोललो. 'प्रज्ञा म्हणजे आमच्या ग्राहकांचा आधार. कुठलाही बदल असो, ती आधी त्यांचा विचार करायची.' लोकांनी डोळ्यांना रुमाल लावले. तुझ्या आईने मला आग्रहाने जेवायला बसवलं, स्वतः वाढलं. मी जेवलो. सकाळीच मी काय पाठवून आलोय, ते त्या ताटावर बसून मला आठवलंसुद्धा नाही. नंतर आठवलं.

चार-पाच दिवसांनी तुझ्या आईचा फोन आला. मला वाटलं कागदपत्रांचं काही असेल.

"मंदार, ती सावंत कोण रे बाबा?"

मी म्हणालो, भांडुपच्या लॅबमधल्या. का?

"तिचा फोन आलता प्रज्ञाच्या फोनवर. मी उचलला. हॅलो म्हणायचा अवकाश, बाई सुरूच झाली. किती फोन केले, उचलत नाहीस. बटण बदललंस ते सांगितलं नाहीस. लेबलं चुकली, एका म्हाताऱ्या माणसाला परत बोलावून दुसऱ्यांदा सुई टोचावी लागली. तुझ्या भरवशावर राहिले आणि तू तोंड लपवून बसलीस म्हणे. माझा आन् तिचा आवाज फोनवर सारखाच येतो, तुला माहीतच हाय."

"मग तुम्ही काय म्हणालात, काकू?"

"काय म्हणणार? ती येवढी रागात. मेल्याचं सांगावं असं तोंडात आलंच नाही बघ. म्हणलं, बरं, बघते." मग तुझी आई म्हणाली, "आता मला त्यातलं काय बघता येतंय? तू बघ. कामाचं माणूस हाय ती, वाट पाहत असंल."

तुझ्यावरचा नव्हे, माझ्यावरचा राग तुझ्या आईने ऐकून घेतला होता, आणि उलट मलाच आठवण करून देत होती की गिऱ्हाईक खोळंबलंय. परभणीकडून लग्न होऊन आलेली, आयुष्यात कधी आपलं सॉफ्टवेअर न पाहिलेली बाई. मी फोनवर 'हो काकू, हो काकू' करत राहिलो. माफी मागितली नाही. मागायला तोंड नव्हतं हे खरं, पण मागायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी मी भांडुपला गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तू सांगायचीस तसंच आहे सगळं, पिठाच्या गिरणीला लागून लॅब, दारात चपलांचा ढीग. सावंतबाई काउंटरमागे नळ्या लावत होत्या. उंच, चष्मा कपाळावर. प्रज्ञाच्या ऑफिसातून आलोय म्हटल्यावर त्यांनी माझ्यामागे दाराकडे बघितलं.

"ती नाय आली? रागावली असणार. जास्तच बोललंय मी त्या दिवशी." त्यांनी माझ्यासाठी स्टूल सरकवलं. "पण एक सांगू? ती उलटून काय बोललीच नाय. 'बरं, बघते.' एवढंच. ती अशी नाय हो. एक बोललं तर दोन ऐकवते मला, आणि मग काम करते. तेव्हाच मी म्हटलं, हिचं काहीतरी बिनसलंय. बरी आहे ना ती?"

मी म्हणालो, "प्रज्ञा वारली, बाई. तापाचं निमित्त झालं."

त्यांनी हातातली नळी स्टँडमध्ये ठेवली. कधी, म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मनातल्या मनात दिवस जुळवले, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"म्हणजे माझ्या फोनच्या आधी."

"हो."

"मग फोनवर कोण होतं?"

"तिची आई."

त्या खाली बसल्या. बाकावरचे पेशंट आमच्याकडे बघायला लागले. त्या म्हणाल्या, "त्या बाईला मी काय काय बोलले. तुमी सांगितलात का नाय आमाला?"

आणि प्रज्ञा, इतकं सगळं झाल्यावर, तिथे त्या बाईसमोर बसून माझ्या तोंडून काय निघावं? मी म्हणालो, "अपडेटबरोबर कळवलं होतं."

"खंय?" त्या उठल्या. चष्मा डोळ्यांवर घेतला, कॉम्प्युटरवर ती सूचना उघडली आणि माझ्याकडे वळल्या. मला बोट ठेवून दाखवावं लागलं. त्यांनी मोठ्याने वाचलं, सावकाश, शाळेतल्या मुलीसारखं. सपोर्टच्या. संपर्क. क्रमांकात. बदल. मग वरची ओळ वाचली, खालची वाचली, आणि परत त्याच ओळीवर आल्या.

"ह्यात ती खंय आसा?"

आयुष्यभर तू मला हेच विचारत होतीस, वेगवेगळ्या बटणांच्या नावाने, आणि माझ्याकडे दर वेळी उत्तर असायचं. वेळ नाही, जागा नाही, कोणी वाचत नाही. वाचणारी बाई माझ्यासमोर उभी होती. तिने शब्द न् शब्द वाचला होता आणि त्यात तिला मिळण्यासारखं मी काहीच ठेवलं नव्हतं. तू बरोबर होतीस, मी चूक होतो. हे मी तुला तू असताना एकदा जरी म्हटलं असतं तर तू महिनाभर मला जगू दिलं नसतंस, आणि मला ते चाललं असतं गं, आता कळतंय, खूप चाललं असतं.

सावंतबाईंनी मला बसायला सांगितलं आणि स्वतःचा मोबाइल काढला. "तुमी इथेच बसा. मी तिच्या आईला फोन करते." त्यांनी तुझाच नंबर लावला. दुसरा त्यांच्याकडे नव्हताच. त्यांनी फोन स्पीकरवर टाकून काउंटरवर ठेवला. तुझ्या आईने उचलला. सावंतबाईंनी नाव सांगितलं.

"सावंत का?" तुझी आई म्हणाली. "हां, बोल ताई. मी निरोप दिलाय बरं का त्या पोराला. आला का तो? झालं का तुझं लेबलाचं काम?"

सावंतबाईंनी पदर तोंडाला लावला आणि फोन माझ्याकडे ढकलला.

"झालं, काकू," मी म्हणालो.

काहीच झालं नव्हतं. अजून त्या बटणाला मी हातही लावला नव्हता. तुझ्या आईलासुद्धा मी एका शब्दात गुंडाळलं होतं. सावंतबाई पदराआडून माझ्याकडे बघत होत्या.

"नाही काकू," मी म्हणालो. "खोटं बोललो. झालं नाही अजून. चूक माझी होती, प्रज्ञाची नव्हती. तिने लिहून दिलं होतं, मी कापलं. आणि ती गेल्याचंही मी कोणाला धड कळवलं नाही, म्हणून तुम्हाला ते ऐकून घ्यावं लागलं."

मग तुझी आई म्हणाली, "बरं. आता कर. बाईच्या दारात लोक बसले असतील."